खालून आवाज येईपर्यंत

मिस्त्रीशी कुणी कुठल्याही विषयावर बोलायला बसलं, की बोलणं फिरून फिरून एका व्हिडिओ गेमवर यायचं. हवापाण्यावर सुरू झालेलं असो की गुडघेदुखीवर. पन्नाशी ओलांडलेला, केस विरळ झालेला, आयुष्यभर लिफ्टच्या दुरुस्तीत हात काळे केलेला हा माणूस. त्याने एका खेळासाठी असं हमरीतुमरीवर यावं हे कुणालाच शोभेसं वाटत नसे. पाहुण्यांसमोर तो विषय काढायचा नाही अशी बायकोने सक्त ताकीद दिली होती. मिस्त्री ती पाळायचा, म्हणजे पाहुणे निघायला उठेपर्यंत पाळायचा. मग दारात, एक पाय चपलेत घातलेल्या माणसाला गाठून तो विचारायचा, "तुम्ही 'सात वेशी' खेळलाय का?"

कुणीच खेळलेलं नसायचं. तो खेळ बाजारात आला तेव्हाच आपटला होता. ज्यांनी परीक्षणं लिहिली त्यांनी त्याची यथेच्छ धुलाई केली होती. गोष्ट साधी: सातव्या वेशीआड कोंडलेल्या एका गावात साथ पसरली आहे, तिथे औषध पोचवायचं. बरोबर तीन सोबती. एक वैदीणबाई, जी औषध देताना आधी चार शब्द सुनावते. एक चोर, जो साधी वेळ विचारली तरी खोटं सांगतो. आणि एक पळून आलेला शिपाई, जो कशातून पळाला ते सांगत नाही. वाटेत राक्षस आहे, पण तो झोपलेला आहे. त्याला उठवलंच पाहिजे असं नाही. लोकांचं म्हणणं, हा काय खेळ झाला? तलवार चालवायची तर समोर कुणी नाही, सोबती सतत कुरकुरतात, त्यातल्या त्यात बरा असलेला शिपाई अर्ध्या वाटेत उगाचच मरतो, आणि एवढी पायपीट करून सातव्या वेशीशी पोचावं तर दार बंद. संपला खेळ. तो बनवणाऱ्यांनी त्यानंतर लवकरच दुकान बंद केलं.

मिस्त्रीच्या मुलीचंही हेच मत होतं. खेळ मूळचा तिचाच. नोकरीसाठी ती दुसऱ्या शहरात गेली तेव्हा जुना गेमिंगचा डबा आणि त्याच्याबरोबर हा नावडता खेळ इथेच टाकून गेली. बाप तो खेळायला लागला हे कळल्यावर ती आधी पोट धरून हसली आणि मग भांडायला लागली.

"बाबा, त्याला शेवटच नाहीये. दार बंद राहतं आणि बनवणाऱ्यांची नावं यायला लागतात."

"बंद कसं राहील? शिपाई टकटक करतो ना. आतले पहारेकरी त्याचेच जुने सोबती. त्याचा आवाज ओळखून ते दार उघडतात. तेव्हा कळतं तो कशातून पळाला होता ते. काय सुंदर शेवट आहे!"

"बाबा, शिपाई पाचव्या वेशीपाशी मरतो."

"हॅ! सहाव्या वेशीपाशी तर तो चोराची टोपी पळवतो. चोराचीच टोपी! मी एकटाच हसत बसलो होतो."

यावर फोनच्या त्या टोकाला मुलगी घाईने विषय बदलायची. मिस्त्रीला वाटायचं, पोरगी हरली. खरं म्हणजे पोरगी घाबरलेली असायची. वडील नसलेल्या गोष्टी सांगतात, मेलेली माणसं जिवंत आहेत म्हणतात. तिने आईला वेगळा फोन करून विचारलं, "बाबा अलीकडे वस्तू कुठे ठेवल्या ते विसरतात का?" आई म्हणाली, "अलीकडे? लग्न झाल्यापासून."

आता मिस्त्री या खेळाच्या नादी लागला कसा, ते सांगायला हवं. त्यासाठी थोडं लिफ्टच्या खड्ड्यात उतरावं लागेल.

लिफ्टचं काम जोडीने होतं. एक जण वर, गच्चीजवळच्या मशीनच्या खोलीत, स्विचपाशी. दुसरा तळाशी, जिथे लिफ्ट येऊन टेकते त्याच्याही खालच्या खड्ड्यात. मिस्त्री आणि त्याचा जोडीदार इतकी वर्षं एकत्र होते की कंपनीत त्यांना वरचा आणि खालचा म्हणूनच ओळखायचे. मिस्त्री वरचा. जोडीदार बुटका, काटक, अरुंद जागेत सहज वळणारा, तो खालचा. वरच्याने स्विच टाकला की लिफ्ट हलते, आणि खालचा त्या वेळी खड्ड्यात असला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून दोघांनी स्वतःपुरता एक रिवाज घातला होता. स्विचला हात लावण्याआधी वरचा दोर जातात त्या भोकातून खाली ओरडायचा, "आहेस का?" खालचा खड्ड्यातून बाहेर पडून पाय सपाट जमिनीवर टेकले की ओरडायचा, "नाही!" मग स्विच. एखादा माणूस मी इथे नाही असं स्वतःच घसा ताणून सांगतोय, हे ऐकून त्या इमारतीतले लोक चक्रावून जायचे. दोघांना त्याची गंमत वाटायची, पण रिवाजात गंमत नव्हती. त्यातली खरी अट तिसरीच होती: उत्तर आलं नाही, तर खालचा आत आहे असं धरायचं. गप्प म्हणजे आहे. मग कितीही उशीर होवो, घरमालक कितीही नाचो, स्विचला हात लावायचा नाही.

मिस्त्री एकदा तापाने झोपून होता, तेव्हा त्याच्या जागी दुसऱ्याला पाठवलं. त्याने विचारलं नाही. मी आत आहे म्हणून खालचा ओरडला होता, चांगला ओरडला होता, पण वरचा माणूस कान देऊन बसलेलाच नव्हता. खालच्याचा जीव वाचला, डावं पाऊल चेपलं. पुढे तो काठी घेऊन चालू लागला, पण खड्ड्यात उतरणं संपलं.

त्यात मिस्त्रीची काडीचीही चूक नव्हती, आणि खालच्याने कधी तसं सुचवलंही नाही. तो काहीच सुचवत नव्हता, बोलतच नव्हता. मिस्त्री दर रविवारी त्याच्याकडे जायचा. खालचा खिडकीशी बसलेला असायचा. हो, नाही, बरं आहे, एवढ्यावर तो भागवायचा. पूर्वी संध्याकाळी काम सुटल्यावर दोघे टपरीवर उभे राहून चहा पीत जगातल्या सगळ्यांची उणीदुणी काढायचे. त्या संध्याकाळी आता मिस्त्रीला खायला उठायच्या. अशाच एका संध्याकाळी त्याने मुलीचा डबा पुसून टीव्हीला जोडला.

पहिले काही दिवस त्याचा प्रवासी नुसता भिंतींना धडका मारत होता. मग जमायला लागलं. आणि मग ती कुरकुरी मंडळी त्याला आवडायला लागली. लोक ज्याला दोष म्हणत होते त्यातच त्याला गोडी वाटली. ते सोबती नायकाची आरती ओवाळत नाहीत. वैदीणबाईचं ऐकलं नाही तर ती पुढच्या मुक्कामापर्यंत फुगून बसते. चोर खोटं बोलतो, पण सामान उचलायची वेळ आली की जड गाठोडं मुकाट्याने स्वतः घेतो, आणि त्याबद्दल कुणी बोललं तर तेही नाकारतो. मिस्त्रीचं म्हणणं असं, की बरोबर काम करणारी माणसं अशीच असतात. गोड बोलणारा जोडीदार त्याने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

पाचव्या वेशीपाशी एक कोरडी विहीर आहे. तळाशी वेशीची किल्ली पडली आहे. शिपाई दोराला धरून उतरतो, अंधारात दिसेनासा होतो, आणि पडद्यावर अक्षरं लुकलुकायला लागतात: दोर ओढा. खाली बटणाचं चित्र. मिस्त्रीचा अंगठा बटणावर होता. तो तिथेच थांबला. खालून काही आवाज आला नव्हता.

अक्षरं लुकलुकत राहिली. मिस्त्री बसून राहिला. मग उठून त्याने चहा टाकला, कप घेऊन परत आला, विहीर तशीच. चहा संपता संपता खालून शिपायाचा आवाज आला, धापा टाकत, "आता ओढ!" मिस्त्रीने बटण दाबलं. शिपाई वर आला, कपडे झटकून म्हणाला, "तू थांबलास," आणि मंडळी पुढे निघाली. मिस्त्रीला यात विशेष काहीच वाटलं नाही. दोर ओढण्याआधी खालच्याला विचारायचं नसतं, असं मानणारी माणसं जगात बहुसंख्य आहेत, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. म्हणून तो सगळ्यांशी वेगळ्याच गोष्टीसाठी भांडत राहिला, आणि सगळे त्याची कीव करत राहिले.

मुलगी अखेर सुट्टी काढून आली. आईशी कुजबुजून तिने डॉक्टरांची वेळसुद्धा घेऊन ठेवली होती. आल्या आल्या तिने बापाला खेळ लावायला सांगितलं, म्हणजे तो नेमका कुठे गडबडतो ते दिसेल. मिस्त्रीने उत्साहाने लावला. सहाव्या वेशीबाहेरचा मुक्काम, मध्ये शेकोटी. वैदीणबाई पाला कुटत होती, चोर टोपी शोधत होता, आणि शेकोटीपलीकडे शिपाई ती टोपी पाठीमागे धरून साळसूदपणे उभा होता.

"हा इथे कसा?" मुलगी म्हणाली.

"मग कुठे असणार?"

"बाबा, हा मरतो. दोर ओढला की तो तुटतो आणि हा मरतो. सगळ्यांचा मरतो. तुम्ही विहिरीपाशी काय केलंत?"

"काही नाही. दोर ओढला."

"लगेच?"

"लगेच कसा? त्याने सांगितल्यावर."

बापाचा 'आहेस का?' तिला लहानपणापासून माहीत होता. मग तिला सगळं कळलं, आणि आधी हसू आणि मग डोळ्यांत पाणी, असं दोन्ही पाठोपाठ झालं. डॉक्टरांची वेळ रद्द झाली. तो खेळ खेळणारे जे मोजके लोक इंटरनेटवर एकमेकांशी बोलत असत त्यांच्यात तिने हे लिहून टाकलं. काहींनी थापा म्हणून सोडून दिलं, काहींनी करून पाहिलं. ज्यांनी करून पाहिलं ते मग गप्प बसले नाहीत. अर्धवट गोष्ट म्हणून हिणवलेला खेळ पूर्ण निघाला होता. अर्धवट सोडणारे खेळणारेच होते. एका जुन्या परीक्षकाने आपलं मत मागे घेतल्याचंही मुलीने वाचून दाखवलं.

"बाबा, तुम्ही जिंकलात. आता लोकांना तुमच्या तोंडून ऐकायचंय. मी रेकॉर्ड करते, तुम्ही बोला."

एरवी चपला घालणाऱ्याला अडवून बोलणारा मिस्त्री या वेळी मात्र नको म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "सगळ्यांचा मरतो?" त्याने पुन्हा विचारलं. "कुणीच थांबत नाही?"

"अक्षरं लुकलुकतात ना, बाबा. लोकांना वाटतं दाबायचंच असतं."

मिस्त्रीने डब्याच्या वायरी काढल्या, गुंडाळल्या आणि पिशवीत भरल्या. "हे मला एकालाच दाखवायचंय," तो म्हणाला.

खालच्याच्या घरी तेव्हा वेगळाच पेच होता. लिफ्टमध्ये माणसं अडकली की आतलं बटण दाबतात आणि कंपनीच्या ऑफिसात फोन वाजतो. तो फोन घ्यायला बसायची जागा कंपनीने खालच्याला देऊ केली होती. बसून काम, पायाला त्रास नाही. पण त्याने महिनाअखेरपर्यंत हो म्हणायला हवं होतं, नाहीतर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. त्यानंतर त्याच्यासाठी कंपनीत काहीच नव्हतं. खालचा ना हो म्हणत होता, ना नाही.

"एकदाच बोलले, भाऊजी," वहिनी, म्हणजे खालच्याची बायको, मिस्त्रीला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या. "म्हणाले, मी ओरडलो तेव्हा वर कुणी नव्हतं. आता लोकांचं ओरडणं ऐकायला मी बसू? त्यानंतर तोंड मिटलं ते मिटलंच. तुम्ही काहीतरी करा हो. हे असेच खिडकीशी संपतील."

मिस्त्रीने समजावणीचं भाषण केलं नाही. त्याला ते येतही नव्हतं. त्याने टीव्ही खिडकीच्या बाजूला वळवला, डबा जोडला आणि पहिल्या वेशीपासून नव्याने सुरुवात केली. खालच्याला खेळायला लावलं नाही. स्वतः खेळत बसला आणि तोंडाने धावतं वर्णन चालू ठेवलं. आता तो रविवारची वाट बघेना, कामावरून सुटला की परस्पर तिकडेच जायचा. खालचा आधी खिडकीबाहेर बघायचा. मग डोळ्याच्या कोपऱ्यातून टीव्हीकडे. दुसऱ्या वेशीपाशी चोराने वैदीणबाईला अशी काही थाप मारली की खालच्याच्या नाकातून फुस्स करून आवाज आला. वहिनी पोळपाट सोडून बाहेर येऊन बघून गेल्या. तिसऱ्या वेशीपाशी तो म्हणाला, "ही बाई तुझ्या बायकोसारखी आहे." कित्येक महिन्यांतलं त्याचं ते पहिलं सबंध वाक्य होतं, आणि ते मिस्त्रीच्या बायकोबद्दल असावं याचं मिस्त्रीला जराही वाईट वाटलं नाही.

पुढे काय होणार ते मिस्त्रीने सांगितलं नाही. या माणसाने तोंड आवरलं, एवढ्यावरून त्याच्या मनात काय चाललं होतं ते समजावं. विहीर दाखवावी की नाही, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. खड्डा, दोर, अंधार. जुनी जखम उकरली जाईल आणि उघडलेलं तोंड पुन्हा मिटेल, अशी भीती त्याला होती. महिना संपत आला होता. चौथ्या वेशीपाशी त्याने उगाचच दोन दिवस रेंगाळून काढले, नको ती झाडं तोडली, नको ते मासे धरले. शेवटी खालचाच म्हणाला, "पुढे चल की."

पाचवी वेस आली. शिपाई विहिरीत उतरला आणि अंधारात नाहीसा झाला. खालच्याची काठीवरची मूठ आवळली. अक्षरं लुकलुकायला लागली: दोर ओढा.

मिस्त्रीने बटणावर अंगठा तसाच ठेवून हात मांडीवर टेकवला.

वहिनी दारातून डोकावल्या, म्हणाल्या, "बंद पडलं वाटतं," आणि आत गेल्या. खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करायच्या खटपटीत होतं. अक्षरं लुकलुकत होती.

"दाब ना," खालचा म्हणाला.

"खालून आवाज आला नाही."

"कुणी थांबत नाही रे एवढं. दाब."

"आवाज नाही आला," मिस्त्री म्हणाला. "गप्प म्हणजे आहे."

खालच्याने त्याच्याकडे मान वळवून बघितलं. मग त्याने काठी भिंतीला टेकवली, हात पुढे केला आणि मिस्त्रीचं मनगट धरलं, चुकून अंगठा हलू नये म्हणून धरावं तसं. दोघे तसेच बसून राहिले. बाहेरची मोटारसायकल चालू झाली आणि निघून गेली. मग विहिरीतून धापा टाकत आवाज आला, "आता ओढ!"

शिपाई वर आला. कपडे झटकून म्हणाला, "तू थांबलास." खालच्याने मनगट सोडलं नाही. तो रडत होता, आणि ते लपवायची खटपटही करत नव्हता.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "सगळ्यांचा वाचतो हा?"

"नाही. बहुतेकांचा मरतो."

"मग तुला कसं कळलं?"

"कळलं कसलं? तू सांगितल्याशिवाय मी कधी स्विच टाकलाय का?"

खालच्याने डोळे पुसले. "त्या दिवशी तू असतास तर..." तो म्हणाला आणि थांबला.

"असतो तर थांबलो असतो," मिस्त्री म्हणाला. "मलाही तेच येतं डोक्यात. रोज येतं."

"माहीत आहे मला," खालचा म्हणाला. मग त्याने वहिनींना हाक मारून चहा टाकायला सांगितला.

त्याने ऑफिसात हो कळवलं, तेही एका शब्दात. पुढे मुलीने फोनवर विचारलं की सातवी वेस झाली का, तेव्हा मिस्त्री म्हणाला, नाही, राखून ठेवली आहे, काही तरी बाकी असावं. दोघे आता टपरीवर पुन्हा भेटत होते आणि विषय अर्थात तोच होता. फरक एवढाच, की चपला घालणाऱ्याला अडवायला आता दोघे होते.

त्यानंतर एका नव्या इमारतीत लिफ्ट सुरू करायच्या आधीची तपासणी होती. दोर झाले, ब्रेक झाला, दारं झाली. राहिलं होतं आतलं मदतीचं बटण. मिस्त्री एकटा लिफ्टच्या केबिनमध्ये शिरला, दार लावून घेतलं आणि बटण दाबलं. दोनदा वाजलं, मग कुणीतरी फोन उचलला.

फोन घेणाऱ्याने आधी कंपनीचं नाव सांगायचं, मग इमारतीचा पत्ता विचारायचा, असं ऑफिसने शिकवलं होतं. खालच्याने त्यातलं काही केलं नाही.

"आहेस का?" त्याने विचारलं.

तपासणी चालू आहे, आवाज स्वच्छ येतोय, एवढंच मिस्त्रीला सांगायचं होतं. ते बाजूलाच राहिलं. इतकी वर्षं हा प्रश्न त्यानेच खाली टाकला होता. त्याला कुणी कधी विचारला नव्हता. तो केबिनच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. छतातला लहानसा पंखा फिरत होता. उत्तर आलं नाही तर खोडसाळ फोन समजून ठेवून द्यायचा, असाही ऑफिसचा नियम होता. पण फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. पलीकडे खुर्ची किंचित करकरली, आणि मग श्वास, आणि नुसतंच थांबणं.

"आहे," शेवटी मिस्त्री म्हणाला.

"मग सावकाश बोल," खालचा म्हणाला. "मी इथेच आहे."